आवाज बंद करून बघायचा सिनेमा

आमचे मालक टीव्हीचा आवाज बंद करून भाषणं बघायचे. बातम्या असोत, विधानसभेतली भांडणं असोत की प्रचाराची सभा असो, पडद्यावरचा माणूस नुसती तोंडाची उघडझाप करतोय आणि मालक खुर्चीत मांडी घालून त्याच्यावर शेरे मारतायत. शेरे मात्र मुके नव्हते. ते भिवंडीतल्या आमच्या अख्ख्या कामतघरला फुकट ऐकू जायचे. "हा बघ, खोटा रडतोय! खरा रडनारा आधी नाक पुसतो. ह्यानं आधी कॅमेरा कुठं हाय ते बघितलं." मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बघायला धावायचो, आणि खरंच, पडद्यावरच्या गृहस्थांचं नाक कोरडं ठणठणीत असायचं.

मालक म्हणजे माझे घरमालक. त्यांच्या चाळीत मी बारा वर्षं भाड्याने राहिलो. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल, तेव्हा त्यांच्याबद्दल खरं लिहायला हरकत नाही. जिवंतपणी पाठीमागे बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं म्हणा. पण समोरून बोललो असतो तर त्यांनी माझे ओठ वाचले असते, आणि मग काही खैर नव्हती.

कारण मालक लूमवाले. घरची जमीन होती, तिच्यावर बापाने चाळ बांधली होती, बसून खाता आलं असतं. पण चाळीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी कापड विणायचे आठ लूम टाकले आणि तीस वर्षं स्वतः उभं राहून चालवले. पॉवरलूमच्या शेडमध्ये तुम्ही कधी पाऊल टाकलं नसेल तर सांगतो. तिथे शेजारच्या माणसाने कानाशी बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून लूमवरची माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नाहीत. ओठ हलवतात, दोन बोटं नाचवतात, झालं. धागा तुटला, चहा आला, शिफ्ट संपली, तुझ्या मेहुण्याचं लग्न कुठवर आलं, सगळं ओठांवर. मालक इथले आगरी, शेजारच्या खोलीतले रफीकभाई उत्तर प्रदेशातले, पण दोघं एकमेकांचे ओठ असे वाचायचे की ही मराठी आणि ही हिंदी असा प्रश्नच उठत नसे. तीस वर्षांनी लूम भंगारात गेले, मालकांचे कानही त्यांच्याबरोबर गेले, आणि ओठ वाचायची विद्या तेवढी उरली.

मालकीणबाईही त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत आयुष्य काढलेल्या. त्यामुळे नवरा-बायकोचं भांडण ही आमच्या चाळीतली बघण्यासारखी गोष्ट होती. ह्या ओट्यावर मालक, त्या ओट्यावर बाई, मध्ये अंगण, आणि आवाज शून्य. नुसते ओठ आणि हात. बांगड्या वाजल्या की समजायचं, बाईंचा मुद्दा बिनतोड होता. नवीन भाडेकरू पहिल्यांदा हे बघून घाबरायचे. एकाने तर मला विचारलं होतं, दोघांनी एकदम मौनव्रत धरलंय का म्हणून!

त्यांच्या पोराने नाशिकहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. मालकांनी ते डबीत घालून कपाटात ठेवलं. "लावलं की लोकं काय बोलतात ते ऐकू येतं," म्हणाले. "कशाला?"

लूम गेल्यावर रिकाम्या शेडमध्ये त्यांनी टीव्ही ठेवला. तिथे दुपारी राजकारणावरचा सिनेमा लागला की आम्हा सगळ्यांना बोलावणं यायचं. राजकारणावरचाच का, तर बाकीच्या सिनेमात मन लागत नाही म्हणायचे. प्रेमात पडलेली माणसं काय, कशीही वागतात, त्यांचा अभिनय तपासणार कसा? पुढाऱ्याचं तसं नाही. पुढारी मालकांनी जवळून पाहिलेले. सभा कुठल्याही पक्षाची असो, तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर मालक हजर. म्हणून नटाने केलेला पुढारी त्यांच्यासमोर टिकतच नसे.

"पुढाऱ्याकडं बघायचंच न्हाय," ते मला शिकवायचे. "त्याच्या मागं उभा हाय त्याच्याकडं बघायचं. तो घड्याळ बघत असंल तं समोरचा खरा पुढारी. सिनेमात मागची लोकं बघ कशी देवळात आल्यासारखी उभी. कोन विश्वास ठेवंल?"

पटकथेबद्दल तर विचारूच नका. "पहिल्या सीनला पोरगा उपाशी. गानं लागलं. गानं संपलं आनि हा आमदार! अरं, मधली गटाराची कंत्राटं कुठं गेली? तो सीन कापला कं?" हिरोने विरोधी नेत्याची गचांडी धरली की मालक कपाळाला हात लावायचे. "हे दोघं संध्याकाळी एकाच हळदीला नाचतात. मी सोता बघितलंय. एकाच ताटात मटन खातात." आणि सगळ्यात मोठी चूक त्यांच्या मते वेगळीच होती. "सिनेमातली लोकं पुढाऱ्याचं भाषन ऐकतात रे! सगळी. शेवटपर्यंत. कुठं बघितलीस अशी लोकं?"

आता ह्या माणसाकडून मला शाबासकी हवी होती, हा माझा मूर्खपणा. मी एका साइझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, ऑफिसात बसून चलनं लिहायचो आणि उरलेल्या वेळात एकांकिका. गणपतीत मंडळाने माझी एकांकिका बसवली तेव्हा मालक कानात सुताचे बोळे घालून पुढे बसले. एवढे बहिरे असून बोळे कशाला, तर स्पीकरचा आवाज पोटात घुमतो आणि लक्ष उडतं. खेळ संपल्यावर मी मोठ्या आशेने जवळ गेलो. "मंडप चांगला व्हता," म्हणाले. मग माझं तोंड पडलेलं बघून त्यांना बहुधा दया आली. "मानसं वाक्यं तोंडातनं बाहेर काढत व्हती. बोलत न्हवती."

असं एकदा नाही, दरवर्षी. चार वर्षं ओळीने मंडप चांगला होता.

पाचव्या वर्षी ठाण्याचा एक दिग्दर्शक एकांकिका बघायला आला आणि त्याने मला त्याच्या सिनेमाचे संवाद लिहायला दिले. सिनेमा राजकारणावरचा. नाव सांगत नाही, तुम्ही पाहिलेला नाही. कोणीच पाहिलेला नाही. पण तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. साइझिंगचा शेठसुद्धा मला "बसा" म्हणाला होता.

सिनेमात एक प्रसंग होता. मोठा नेता मतं मागायला चाळीत येतो आणि लूमवरच्या कामगाराची विधवा त्याला सगळ्यांदेखत एक प्रश्न विचारते. तो प्रश्न मी लिहिला: "साहेब, मतं मागायला आलात की हात जोडता. मग पुढची पाच वर्षं हे हात असतात कुठे?"

बाईचं काम करणारी नटी नाटकातली, मुरलेली. तिने ते वाक्य ओरडून नाही म्हटलं. भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारलं. कॅमेरा तिच्या तोंडासमोर, दुसरं काही नाही. सेटवर चहावालासुद्धा किटली धरून थांबला. मला रडू फुटायचं बाकी होतं. म्हटलं, आता मालक बघतील.

पण शूटिंगसाठी गोडाऊन दिलं होतं आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी. त्यांना आपण साहेब म्हणू. ते स्वतःलाही तेच म्हणतात. सिनेमा जोडून झाल्यावर तो त्यांना दाखवण्यात आला. साहेबांनी काही कापा म्हटलं नाही. छान आहे म्हणाले. फक्त, त्या बाई जरा उद्धट वाटतात, एवढंच म्हणाले. त्याच दुपारी दिग्दर्शकाचा मला फोन.

"वाक्य बदलायचंय. बाई परत बोलतील स्टुडिओत. पण क्लोजअप आहे, कापता येत नाही. ओठांना बसेल असं काहीतरी दे. पुढचा सिनेमा आपण एकत्रच करतोय ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी काय केलं? ऑफिसात बसून मोबाईलवर तो प्रसंग दहा वेळा लावला, बाईंचे ओठ बघितले, आणि चलनाच्या पाठीवर वीस मिनिटांत लिहून दिलं: "साहेब, मतं मागायला कशाला हात जोडता? पाचही वर्षं हे हात आमच्या डोक्यावर आहेत!" शब्द जवळपास तेच. ओठांना बसलंही बऱ्यापैकी. लाज नंतर वाटली. आधी स्वतःचं कौतुकच वाटलं, की काय हात आहे आपला!

भिवंडीत पहिला खेळ दुपारचा होता. मला चाळीसाठी चाळीस पास मिळाले होते. अख्खी चाळ रिक्षा करून निघाली. धामणकर नाक्यावर आमच्या दहा रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकल्या तेव्हा मालक रिक्षातून डोकं काढून ट्रॅफिक पोलिसाला सांगत होते, "सोड रे, लेखक हाय गाडीत!" पोलिसाने लेखक बघितला आणि बाजूचा ट्रक आधी सोडला.

थिएटरात पहिल्या रांगेत साहेब आणि त्यांची माणसं. मधल्या रांगांत आम्ही. मालकांनी कानात बोळे घातले. पहिला अर्धा तास त्यांनी मागच्या माणसांचा, कंत्राटांचा आणि हळदीचा नेहमीचा उद्धार केला. पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. मालकीणबाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा गप्प झाले.

मग तो प्रसंग आला. मी डोळे खाली घातले.

स्पीकरमधून माझं ते गोड वाक्य आलं. हात आमच्या डोक्यावर आहेत. आणि एक क्षण गेला नाही तोच थिएटरात हशा फुटला. एक जण नाही, आमच्या रांगा, मागच्या रांगा, जिथे जिथे लूमवरची माणसं बसली होती तिथून. शिट्ट्या, टाळ्या. रफीकभाई खुर्चीवर उभे राहिले. "अरे वा बाई! क्या पूछा है!"

मला कळायला दोन मिनिटं लागली. हे लोक कानांनी सिनेमा बघतच नव्हते! जन्मभर ज्यांनी ओठांवरूनच माणूस ऐकला, त्यांच्यासमोर मी पडद्याएवढे ओठ ठेवले होते आणि वरून खोटा आवाज लावला होता. बाई काय बोलल्या ते त्यांनी बरोबर वाचलं होतं. आवाज काही वेगळंच म्हणतोय ह्याचंच त्यांना हसू आलं होतं. ठाण्याच्या स्टुडिओत एवढी शिकलेली माणसं बसली होती, कोणाच्या डोक्यात हे आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी इतकी वर्षं त्यांच्यात राहत होतो.

साहेबांना वाटलं, टाळ्या त्यांच्यासाठीच. ते पहिल्या रांगेत उठून उभे राहिले, मागे वळले आणि थिएटरला त्यांनी हात जोडले.

त्यानंतर जे हसले लोक, ते मी काय सांगू. बाजूला मालक हातावर हात आपटतायत. त्यांच्या कानात बोळे. त्यांना खोटं वाक्य ऐकूच गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, लोक सरळ त्या प्रश्नालाच टाळ्या देतायत.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत, त्या गावभर आवाजात: "लिवलंस! लिवलंस रे! बाई बोलली! साहेब समोर बसलेला असून बोलली!" लोक थांबून बघायला लागले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी बघितलं, नाक त्यांनी आधी पुसलं.

सांगायला हवं होतं मी तेव्हाच. दोन वाक्यांचं काम होतं. पण चार वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं, ते कोण परत करतो? मी नुसता हसलो. रफीकभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते पान आणायला गेले. त्या बिचाऱ्यांनीही सांगितलं नाही.

मालकांची पद्धत होती, आवडलेली गोष्ट दोनदा बघायची. एकदा कान बंद करून अभिनय बघायचा, एकदा डोळे मिटून वाक्यं ऐकायची. ही पद्धत मला ठाऊक नव्हती, कारण त्यांना काही आवडलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून डबी काढली, मशीन कानाला लावलं, बाईंना बरोबर घेतलं आणि स्वतःच्या खर्चाने तिकिटं काढून परत सिनेमाला गेले.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो तर दोघं येताना दिसले. मालकांनी येऊन आधी मशीन काढून डबीत ठेवलं. मग माझ्यासमोर उभे राहिले.

"नवं वाक्य कोनी लिवलं?"

"वरून आलं," मी म्हणालो. मान खाली होती माझी.

"तोंड वर करा. बोलताना तोंड दिसलं पाहिजे."

मी मान वर केली. "वरून आलं."

"वरून म्हंजे? देवानं पाठवलं?"

मी परत मान खाली घातली.

"लेखकसाहेब," मालक म्हणाले, "तुमाला दोन्ही बाजूंनी लिवता येतं."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून मी त्यांचा 'अरे लेखक' राहिलो नाही, 'लेखकसाहेब, तुमी' झालो. शेडमध्ये सिनेमा लागला तरी मला बोलावणं नाही. माझ्या खोलीचा पत्रा गळत होता तो मात्र स्वतः वर चढून त्यांनी नीट केला. "झालं बघा तुमचं काम," म्हणाले आणि शिडी घेऊन गेले. दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमाही आला नाही, फोनच उचलेना. चांगलं झालं. माझ्यासारख्याला असंच पाहिजे.

ह्यात पाच-सहा महिने गेले आणि निवडणूक लागली. आमच्या चाळीला तेव्हा पाण्याची लाईन नव्हती. टँकर यायचा, तोही त्याला वाटेल तेव्हा. बाया हंडे-कळश्या लावून ताटकळायच्या. मालक दोन वर्षं कागद घेऊन पालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होते. लाईन कोपऱ्यापर्यंत येऊन थांबली होती, पन्नास पावलं राहिली होती. साहेब उभे राहिले आणि निरोप आला, रविवारी सकाळी साहेब चाळीत येतील, लाईनचा नारळ त्यांच्याच हस्ते फुटेल.

रविवारी मालकीणबाईंनी अंगण झाडून रांगोळी काढली. अंगणाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला त्या मालकांना ओठांनी काहीतरी बजावत होत्या. बांगड्या बऱ्याच वाजत होत्या. मी रफीकभाईंना विचारलं, काय चाललंय?

"बोल रही हैं, आज मुँह मत खोलना। पानी दरवाजे पे खड़ा है।"

साहेब आले. पांढरे कपडे, गळ्यात हार, हात जोडलेले. मागे पंधरा-वीस माणसं, त्यातला एक घड्याळ बघत होता. एकाच्या हातात मोबाईल, त्याच्यावर शूटिंग चालू. मालक नारळ घेऊन पुढे झाले. तोंड घट्ट मिटलेलं. बाईंचा शब्द पाळत होते.

तेवढ्यात साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"अरे! लेखक! इथेच राहता काय?" त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. "काय वाक्य होतं हो तुमचं! थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. मी विसरलो नाही." मग मोबाईलवाल्याकडे वळले. "हे घे, यांना घे. बोला लेखक, तेच वाक्य. पाचही वर्षं हे हात. रील चांगली होईल. आणि मग नारळ फोडू."

मोबाईल माझ्या तोंडासमोर आला.

अख्खी चाळ उभी होती. हंडे घेऊन बाया उभ्या होत्या. रफीकभाई, त्यांची बायको. मालक नारळ धरून माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, वाक्य काय, बोलून टाकू. एकदा लिहून दिलंच आहे, त्यात आता काय राहिलं? चाळीला पाणी येईल. खरंच, ह्याहून चांगलं कारण खोटं बोलायला कुणाला मिळालं असेल? मी तोंड उघडलं. "साहेब, मतं मागायला" इथपर्यंत आवाज आला.

मग तो गेला. शप्पथ सांगतो, मी ठरवून केलं नाही. ओठ पुढे बोलत राहिले आणि ते जे बोलले ते पहिलंच वाक्य होतं. आवाजाची मात्र टाप नव्हती. एवढंच माझं शौर्य, लिहून ठेवतो.

"सर, आवाज नाही आला," मोबाईलवाला म्हणाला.

"मोठ्याने बोला, लेखक," साहेब म्हणाले. "लाजू नका."

मागे एका बाईने हंडा खाली ठेवला. रफीकभाईंची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. साहेबांना काही कळेना.

"मला आला," मालक म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. भिवंडीत त्यांच्याएवढा बहिरा माणूस शोधून सापडला नसता.

"मला ऐकू आला. ह्या रफीकला आला. बायांना आला. तुमच्या मोबाईलला तेवढा न्हाय आला." मालकीणबाईंच्या बांगड्या जोरात वाजल्या, पण मालक त्यांच्याकडे बघतच नव्हते. "परत बोल रे," ते मला म्हणाले. "आवाज काढून बोल."

रे म्हणाले! सहा महिन्यांनी. आणि माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे, मी बोललो. आवाज मध्येच चिरकला, नटीसारखं काही जमलं नाही, वाक्य तोंडातून नुसतं बाहेर काढल्यासारखं झालं. पण शेवटपर्यंत बोललो. "साहेब, मतं मागायला आलात की हात जोडता. मग पुढची पाच वर्षं हे हात असतात कुठे?"

साहेबांचा एक हात माझ्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला. सवयीने दुसऱ्याला जोडला. मग लक्षात आलं, तर सोडला. मग परत जोडायला गेले आणि मध्येच थांबले. दोन्ही हात पोटासमोर तसेच, काय करावं ते त्यांना कळेना. मोबाईल चालूच होता. शेवटी एका हाताने त्यांनी तो खाली केला आणि दुसरा खिशात घातला, आणि पहिलं हसू फुटलं ते मालकीणबाईंचं. मग चाळ थांबेना.

साहेबही हसले. "विनोदी आहेत आमचे लेखक," म्हणाले, आणि निघाले. नारळ मालकांच्या हातात तसाच राहिला.

मी खोलीत जाऊन दार लावून बसलो. पाणी मी घालवलं होतं. तीस घरांचं पाणी. बाहेर अंगणात बांगड्या बराच वेळ वाजत होत्या. त्या थांबल्यावर मी भीत भीत दार उघडलं. समोरच्या ओट्यावर मालक बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ, लूमवरच्या माणसाशी बोलावं तसे. माझ्याशी ते असं इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते, आणि मला तर ओठ वाचता येत नव्हते. मी ऑफिसातला माणूस.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, "काय म्हणाले?"

"जेवायला ये म्हनतात," बाई म्हणाल्या. अजून रागातच होत्या. "सुक्या वाकट्यांचं कालवन हाय. तो नारळ घातलाय त्यात. ठेवून काय करायचा?"

मी गेलो. मालकांनी मला शेजारी पाट दिला. कालवण तिखट होतं, म्हणून मी तांब्याकडे हात नेला. मालकांनी तो हात धरला.

"पानी जपून पी रे," म्हणाले. "लाईन काय आता येत न्हाय."